शिवेवरचा पहारा

मुंबई बेटाच्या उत्तर टोकाशीं शीव हें गांव आहे. मराठींत शीव म्हणजे हद्द. साहेबाच्या जिभेवर तिचें 'सायन' झालें, पण शेजारच्या वस्तीला लोक अजून शीव कोळीवाडाच म्हणतात. गव्हर्नर ऑंजिअर याच्या कारकीर्दींत, १६६९ ते १६७७ या काळांत, येथल्या टेकडीवर इंग्रजांनीं एक लहानसा किल्ला बांधला. अलीकडे त्यांचें परळ बेट, पलीकडे खाडी आणि पोर्तुगीजांची साष्टी. पुढें १७३७ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत साष्टी मराठ्यांकडे गेली. शेजारी बदलला, पण किल्ल्याचें काम बदललें नाहीं. पलीकडून येणारा आपला कीं परका हें पाहावयाचें, आणि परका असल्यास त्याला अडवावयाचें.

श्रोतेहो, आज किल्ल्याचा इतिहास सांगावयाचा नाहीं. त्या टेकडीपासून थोड्याच अंतरावर महानगरपालिकेचें लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. १९४७ सालीं ५० खाटांवर तें सुरू झालें, १९६४ सालीं त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलें गेलें. मुंबई विभागांत मृत दात्यांचे अवयव कोणाला द्यावयाचे हें ठरविणाऱ्या समन्वय केंद्राचें कार्यालयही याच आवारांत आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांची वाट पाहणाऱ्या माणसांच्या याद्या तेथें राहतात. एका घरांत मृत्यु येतो, त्या घरचीं माणसें त्या दुःखांतही होकार देतात, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी घरीं अपरात्रीं टेलिफोन वाजतो. हा होकार आणि हा टेलिफोन यांविषयीं आपण वर्तमानपत्रांत वाचतों. त्यानंतर महिन्यांनीं किंवा वर्षांनीं क्वचित् घडणारी एक गोष्ट मात्र आपल्या वाचनांत सहसा येत नाहीं. नवा अवयव उत्तम चालला आहे, माणूस कामावर जाऊं लागला आहे, आणि एके दिवशीं त्याच्या मानेंत गांठ येते. ती गांठ एका अर्थानें त्याला वांचविणाऱ्या उपचारांतूनच उपजलेली असते. तिचें मूळ कसें सांपडलें, आणि तें शोधतां शोधतां शरीराच्या पहाऱ्याविषयींची आपली समजूत कशी पालटली, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

फाळणीनंतर पंजाबांतून आलेले निर्वासित याच कोळीवाड्यांत येऊन वसले. तेथल्या रेल्वे स्टेशनाचें नांव आतां गुरु तेग बहादूर नगर झालें आहे. माणसें मुळासकट उपटून दुसरीकडे लावलीं तरी एकदोन पिढ्यांत तीं तेथलीच होतात. अवयवाला ही सवलत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत भाजलेल्या रोग्यांना दुसऱ्याची कातडी लावून पाहण्याचे प्रयत्न झाले. ग्लासगो येथें पीटर मेडावर आणि शस्त्रवैद्य टॉमस गिब्सन यांनीं १९४३ सालीं दाखवून दिलें कीं, परकी कातडी कांहीं दिवस टिकते आणि मग गळून पडते; त्याच दात्याची कातडी पुन्हां लावली तर ती पहिल्यापेक्षां लवकर गळते. म्हणजे शरीर परक्याला नुसतें ओळखतें असें नाहीं, तें त्याचा चेहरा लक्षांतही ठेवतें. ही ओळख किती बारकाईची असते याचें एक उदाहरण आपल्याच शहरानें जगाला दिलें. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना अशीं माणसें आढळलीं कीं, ज्यांना सर्वांस चालणारें म्हणून नांवाजलेलें ओ गटाचें रक्तसुद्धां चालत नाहीं. १९५२ सालीं ही हकीकत 'लॅन्सेट'मध्यें छापून आली, आणि त्या रक्तगटाला मुंबईचें नांव पडलें.

तेव्हां अवयव बसवावयाचा तर पहारेकऱ्याची समजूत घातली पाहिजे, किंवा त्याला झोपविलें तरी पाहिजे. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें जोसेफ मरे यानें एका भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें तें यशस्वी झालें, कारण ते भाऊ एकसारखे जुळे होते. पहाऱ्याला तेथें परकें असें कांहीं दिसलेंच नाहीं. पण प्रत्येकाला जुळा भाऊ कोठून आणावयाचा? आरंभीं सबंध शरीरावर क्ष-किरण सोडून पाहिले. त्यांत पहारा उठला, पण त्याबरोबर बहुतेक रोगीही गेले. मग हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेंतून अॅझाथायोप्रिन हें औषध आलें. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंत डेन्व्हर येथें थॉमस स्टार्झल यानें त्याला स्टेरॉइडची जोड दिली, आणि परक्याचें मूत्रपिंडही वर्षानुवर्षें टिकूं लागलें. या गोळ्या रोज घ्यावयाच्या आणि जन्मभर घ्यावयाच्या. पहारेकऱ्याला एकदां गुंगी देऊन भागत नाहीं; त्याला कायमचें अर्धवट झोपेंत ठेवावें लागतें.

शिवेहून सरळ दक्षिणेस जाणारा रस्ता परळला पोंचतो. तेथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयांत, म्हणजे आपल्या के. ई. एम. मध्यें, मे १९६५ त डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं मृत दात्याचें मूत्रपिंड बसविण्याचा हिंदुस्थानांतील पहिला प्रयत्न केला. टिकाऊ यश त्यांत आलें नाहीं. डिसेंबर १९६७ मध्यें केप टाउन येथें बर्नार्डनें माणसाचें हृदय बदललें, आणि त्यानंतर तीन महिने उलटण्यापूर्वींच, फेब्रुवारी १९६८ मध्यें, डॉ. सेन यांनीं परळला तीच शस्त्रक्रिया केली. रोगी कांहीं तासच जगला. त्या काळीं या धाडसाची वाहवाही झाली आणि टीकाही झाली. मला त्यांतून एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, आज ज्या गांठीविषयीं आपण बोलतों आहोंत, ती त्या काळीं परळला दिसणें शक्यच नव्हतें. हा रोग वांचलेल्यांचा आहे. परका अवयव घेऊन माणूस महिनेन् महिने जगावा लागतो, तेव्हां कोठें त्याची पाळी येते. आपल्याकडे जिवंत आप्ताच्या मूत्रपिंडाचें आरोपण वेलोर येथें १९७१ सालीं यशस्वी झालें. ही गांठ त्यानंतरच आपल्या वैद्यांच्या वाट्यास येऊं शकत होती.

ज्यांचे रोगी आधींपासून जगत होते त्यांना ती आधीं दिसली. १९६८ सालींच न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या वैद्यांनीं मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांत झालेल्या एका घातक अर्बुदाची हकीकत प्रसिद्ध केली. आपल्या मानेंत, काखेंत, जांघेंत ज्या बारीक लसिकाग्रंथि असतात, पायाला जखम झाली कीं ज्या सुजतात आणि घरांतली वडील मंडळी 'अवधाण आलें' म्हणतात, त्याच जातीच्या पेशींचें हें अर्बुद. लिंफोमा हें त्याचें आजचें नांव. दुसऱ्या वर्षीं डेन्व्हरहून इझ्रायल पेन आणि स्टार्झल यांनीं अशाच रोग्यांची माहिती दिली. पेन हा मूळचा दक्षिण आफ्रिकेंतला शस्त्रवैद्य. त्यानें एक साधें पण फार चिकाटीचें काम अंगावर घेतलें: अवयव बदललेल्या माणसाला जगांत कोठेंही अर्बुद झालें तर त्याची नोंद आपल्याकडे पाठवावी, अशी विनंति त्यानें ठिकठिकाणच्या वैद्यांस केली, आणि आलेलें प्रत्येक टिपण जपून ठेवलें. एकेका रुग्णालयांत दोनतीन रोगी दिसले असते तर तो योगायोग म्हणून सोडून दिला गेला असता. पेनच्या वहींत तो योगायोग राहिला नाहीं.

१९७३ सालीं हूव्हर आणि फ्रॉमेनी या दोघांनीं ६२९७ रोग्यांचा हिशेब मांडला. लिंफोमाचें प्रमाण इतर लोकांच्या ३५ पट निघालें. आणि त्यांतील एका जातीचें, ज्याला त्या वेळीं रेटिक्युलम पेशींचा सार्कोमा म्हणत, ३५० पट. शिवाय या गांठी भलत्याच ठिकाणीं येत. एरवीं लिंफोमा मेंदूंत फार क्वचित् होतो. या रोग्यांत तो तेथें वारंवार दिसे.

आतां येथें खरें कोडें सुरू होतें. त्या सुमारास एक मत फार मान्यता पावलें होतें. मॅकफर्लेन बर्नेट आणि लुईस टॉमस यांचें म्हणणें असें कीं, शरीरांत कर्काच्या पेशी अधूनमधून उत्पन्न होतच असतात, आणि प्रतिकारशक्तीचा पहारा त्यांना वेळींच टिपून काढतो. मत मोठें आकर्षक होतें. पहारा झोपला कीं कर्क व्हावयाचा, हें त्यावरून ओघानेंच आलें. पण मग सगळेच कर्क सारखे वाढावयास हवे होते. स्तनाचा, पोटाचा, फुप्फुसाचा कर्क या रोग्यांत तशा पटीनें वाढला नाहीं. कातडीचा व ओठांचा वाढला, आणि सर्वांत ठळकपणें हा लसिकापेशींचा. पहारेकरी सर्व चोर पकडत असेल, तर तो झोपल्यावर एकाच चोराचें एवढें कां फावावें? कोणी म्हणालें, औषधेंच विषारी आहेत. कोणी म्हणालें, परका अवयव रात्रंदिवस डिवचत राहतो, त्यानें लसिकापेशी वाढून वाढून ताळतंत्र सोडतात. तिसरा तर्क विषाणूचा होता. पण विषाणूचें नांव सांगावयास प्रथम कोणी पुढें आलें नाहीं.

तें नांव दुसऱ्याच वाटेनें येत होतें. युगांडांत काम करणारा डेनिस बर्किट हा आयरिश शस्त्रवैद्य तेथील मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या विलक्षण गांठींचें वर्णन १९५८ सालीं करून बसला होता. १९६१ सालीं लंडनला त्याचें व्याख्यान झालें. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन होता. या गांठींच्या मागें विषाणु असेल असें त्याच्या मनानें घेतलें, आणि तीन वर्षें खटपट करून १९६४ सालीं त्यानें, अचाँग आणि यव्हॉन बार या सहकाऱ्यांसह, तो विषाणु इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. एप्स्टाइन-बार हें नांव त्यावरून पडलें. पुढची गोष्ट फिलाडेल्फियाची. वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेंत एक मुलगी मदतनीस होती. तिच्या रक्तांत या विषाणूची कांहीं खूण नव्हती, म्हणून तुलनेसाठीं तिचेंच रक्त वापरीत. ती तापानें आजारी पडली, मानेच्या ग्रंथि सुजल्या, आणि परत कामावर आल्यावर पाहतात तों रक्तांत खूण उमटलेली! १९६८ सालीं हेन्ले यांनीं सांगितलें कीं, तरुण माणसांना होणारा ग्रंथिज्वर याच विषाणूचा. पुढें कळलें कीं जगांतल्या दहा प्रौढ माणसांपैकीं सुमारें नऊ माणसें हा विषाणु जन्मभर अंगांत बाळगून असतात.

तो लाळेंतून पसरतो. आपल्या चाळींतून, जेथें पांच मुलें एकाच पेल्यानें पाणी पितात आणि आई घांस चावून बाळाच्या तोंडीं देते, तेथें तो लहानपणींच येतो आणि घरांत कोणाला त्याची वार्ताही नसते. स्वतंत्र खोल्यांच्या, स्वतंत्र पेल्यांच्या घरांत तो उशिरां येतो, आणि मग ताप आणून आपलें आगमन जाहीर करतो. स्वच्छतेचा हा दंड म्हणावा कीं काय!

एकदां आंत शिरल्यावर तो रक्तांतील बी जातीच्या लसिकापेशींत दडून बसतो. हा भाडेकरू घरमालकाला वाढावयास लावणारा आहे. ज्या पेशींत तो राहतो तिला तो विभागत राहण्याची चिथावणी देतो. आपण सर्व या अर्बुदापासून सुरक्षित आहोंत याचें कारण एकच: टी जातीच्या दुसऱ्या लसिकापेशी या चिथावलेल्या पेशींना रोज हुडकून मारीत असतात. आणि अवयव टिकविणाऱ्या गोळ्या ज्यांना गुंगी देतात त्या नेमक्या याच टी पेशी. चोर बाहेरून येणार म्हणून आपण शिवेकडे पाहत होतों. तो बालपणापासून घरांतच होता, आणि शिवेवरचा पहारेकरी रोज रात्रीं घरांतही एक फेरी मारून जात होता. पहारेकऱ्याचें हें दुसरें काम, पहारेकरी झोपेपर्यंत, कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

हें सगळें जुळून यावयास १९७९ ते १९८४ हीं वर्षें लागलीं. नॉर्वेंतील एका पठाराच्या मातींत सांपडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हें नवें औषध निघालें होतें. केंब्रिजला रॉय काल्न यानें तें प्रथम ३४ रोग्यांना दिलें. अवयव टिकण्याचें प्रमाण पाहून सर्वत्र आनंद झाला, पण त्याच १९७९ च्या निबंधांत तिघांना लिंफोमा झाल्याचें त्यानें नमूद केलें. न लपवितां नमूद केलें, हें विशेष. पुढें मात्रा कमी केल्यावर हें प्रमाण उतरलें. १९८० सालीं लंडनमध्यें डोरोथी क्रॉफर्ड आणि तिच्या सहकाऱ्यांना अशाच एका रोग्याच्या गांठींत एप्स्टाइन-बार विषाणूची खूण प्रत्यक्ष सांपडली.

त्यानंतरचा दाखला एका मुलाचा आहे, आणि तो सांगतांना मन कचरतें. टेक्सासमधील ह्यूस्टन येथें १९७१ सालीं जन्मलेला डेव्हिड हा उपजतांच प्रतिकारशक्ति नसलेला मुलगा. त्याला प्लॅस्टिकच्या बंद तंबूंत वाढविलें होतें. जगभर वर्तमानपत्रांतून त्याचीं छायाचित्रें येत. ऑक्टोबर १९८३ मध्यें बहिणीच्या अस्थींतील मज्जा त्याला दिली. बहीण निरोगी होती; तिच्या मज्जेंत हा विषाणु निजलेला होता, जसा तो तुमच्याआमच्या अंगांत असतो. डेव्हिडच्या शरीरांत त्याला अडविणारें कोणीच नव्हतें. २२ फेब्रुवारी १९८४ रोजीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, तो गेला. शवविच्छेदनांत जागोजाग गांठी आढळल्या, आणि त्या गांठींत तोच विषाणु. गुंगी देणाऱ्या औषधांवांचून, केवळ पहारा नसल्यामुळें काय होतें, हें त्या मुलाच्या मरणानें जगाला कळलें.

त्याच वर्षीं स्टार्झल यानें, आतां पिट्सबर्गहून, १७ रोग्यांची हकीकत दिली: मूत्रपिंडाचे आठ, यकृताचे चार, हृदयाचे तीन, हृदय-फुप्फुसांचे दोन. कर्कावरचीं जहाल औषधें आणि किरण यांचा उपयोग झाला नव्हता. मग त्यानें उलटा उपाय केला. गुंगीचें औषध कमी केलें, कोठें अजिबात बंद केलें. आणि गांठी विरघळूं लागल्या. त्याहून नवल असें कीं, पुष्कळांचा नवा अवयवही टिकून राहिला. जाग्या झालेल्या पहारेकऱ्यानें आधीं घरांतला चोर धरला आणि पाहुण्याला तूर्त हात लावला नाहीं. घातक म्हणून ठरलेलें अर्बुद नुसतें औषध काढून घेतल्यानें मावळावें, असें कर्काच्या इतिहासांत फारसें घडलेलें नाहीं. सगळ्याच गांठी अशा नमत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. बऱ्याच वर्षांनीं येणाऱ्या पुष्कळ गांठींत हा विषाणु सांपडत नाहीं, आणि त्या औषध उतरवून क्वचितच हटतात.

आतां पुन्हां आपल्या शहराकडे येऊं. १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय आणि के. ई. एम. हीं दोन्हीं परळला अगदीं जवळजवळ आहेत. एका दारांत अवयव बसवितात, दुसऱ्या दारांत अर्बुदांवर उपचार करतात. या रोगाचा रोगी दोन्ही दारांचा असतो. मूत्रपिंड बदललेल्या शंभरांत एकादोघांनाच हा रोग होतो. आंतडें बदललेल्यांत सर्वांत अधिक. ज्याच्या अंगांत विषाणु कधींच आलेला नाहीं अशा मुलाला विषाणु बाळगणाऱ्या प्रौढाचा अवयव बसला तर धोका विशेष. आपल्याकडे बहुतेक प्रौढांना तो बालपणींच होऊन गेलेला असतो, हा चाळीच्या पेल्याचा एक अनपेक्षित लाभ. पण आपल्याकडे दुसरी अडचण आहे. मानेंत गांठ, बारीक ताप, वजन उतरणें, एवढें ऐकल्यावर मुंबईंतील कोणत्याही वैद्याच्या मनांत प्रथम गंडमाळ, म्हणजे ग्रंथींचा क्षय येतो, आणि तें चूकही नव्हे. क्षय या रोग्यांत खरोखरच पुष्कळ होतो. म्हणून गांठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून क्षयाचीं औषधें सुरू करूं नयेत, असा जाणत्यांचा आग्रह असतो.

आणि तुकड्यानें निदान झालें कीं खरी कसोटी पुढें असते. आपल्या देशांत मूत्रपिंड देणारा बहुधा जिवंत आप्त असतो, आणि त्यांतही आई किंवा पत्नी अधिक. मुलाला वैद्य सांगतात, गोळ्या उतरवाव्या लागतील. आई शेजारींच बसलेली असते. गोळ्या उतरविल्या तर गांठ जाईल, पण तिनें दिलेलें मूत्रपिंडही जाऊं शकेल; न उतरविल्या तर मूत्रपिंड चालूं राहील आणि मुलगा जाईल. मूत्रपिंड गेलें तर निदान डायलिसिसच्या यंत्राकडे परत जातां येतें, मग आठवड्यांतून दोनतीन दिवस त्याच खुर्चींत बसावें लागलें तरी. यकृत किंवा हृदय बदललेल्याला ती मागची वाट नाहीं. हा निर्णय वैद्यानेंच करावयाचा असतो. कोणी स्वतःच्या मनानें, किंवा औषध महाग पडतें म्हणून, गोळ्या सोडल्या तर अवयव हातचा जातो, आणि असें आपल्याकडे घडतें.

अलीकडे वैद्याच्या हातीं आणखी साधनें आलीं आहेत. बी पेशींनाच नेमकें गांठणारें रिटुक्सिमॅब हें औषध १९९७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि पुढें तें या रोगांतही देऊं लागले. १९९४ सालीं न्यूयॉर्कला मज्जारोपणानंतरच्या अशा गांठींवर दात्याच्याच पांढऱ्या पेशी देऊन पाहिल्या आणि त्या विरघळल्या. दुसऱ्या वर्षीं या विषाणूवरच शिकवून तयार केलेल्या टी पेशी वापरल्याची हकीकत आली. परक्या निरोगी दात्यांच्या अशा शिकविलेल्या पेशी तयार करून ठेवण्याची पद्धतिही निघाली, आणि डिसेंबर २०२२ मध्यें युरोपांत तिला औषध म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे परका अवयव टिकावा म्हणून घरचा पहारेकरी झोपविला, आणि घरांतला चोर धरण्यासाठीं परका पहारेकरी आणला!

पण हें औषध फार खर्चाचें आहे, आणि आपल्याकडील रुग्णालयांत बहुतेक वेळां पहिलें पाऊल अजून स्टार्झलचेंच असतें. एकदम सर्व गोळ्या बंद करीत नाहींत. एक औषध थांबवितात, दुसरें निम्म्यावर आणतात, स्टेरॉइड बहुधा ठेवतात. रोगी ठरल्या दिवशीं येऊन रक्त देऊन जातो. त्यांतून दोन आंकडे येतात, एक मूत्रपिंड कसें चाललें आहे हें सांगणारा आणि दुसरा विषाणूचा. वैद्य बोटांनीं मानेंतली गांठ चांचपून पाहतो, दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवतो, आणि पुढच्या आठवड्याची मात्रा लिहितो.